जातोबावरच्या बायका

आदेल्मो साठीला टेकला तेव्हा त्याचं लग्न झालं, आणि तेही पहिलं. ब्रेजिन्यो गावात त्याची बरीच चर्चा झाली. नवरी निल्झा सत्तावन्न वर्षांची होती, विधवा होती, आणि पंचक्रोशीत तिच्या चीजइतकीच तिची जीभही नावाजलेली होती.

आदेल्मोची हयात ट्रकवर गेली होती. उत्तरेला बेलें शहरापर्यंत, दक्षिणेला पार देशाच्या सीमेपर्यंत त्यानं माल नेला. पुराचं पाणी पुलावरून वाहत असताना पूल ओलांडला होता. एकदा आडरानात लुटायला आलेल्या दोघांना त्यानं थर्मासमधली कॉफी पाजली आणि गप्पा मारून परत पाठवलं होतं. दारात उभा राहिला तर उजेड अडेल असा गडी. त्याला भीती ठाऊक नाही, असं सगळे म्हणत, आणि तोही कुणाला खोडून काढत नसे.

पण त्याला कोळ्यांची भीती वाटायची. साप त्यानं शेपटीला धरून रस्त्याकडेला भिरकावले होते, विंचू चपलेनं ठेचले होते. कोळी दिसला की मात्र त्याच्या मानेवरचे केस उभे राहत, तोंडाला कोरड पडे आणि पाय आपोआप मागे जात. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. ट्रकच्या केबिनमध्ये तो एकटाच असायचा, त्यामुळे ही गोष्ट आयुष्यभर कुणाला कळली नाही.

निल्झाशी ओळख झाली ती चीजमुळे. ती आठवड्यातून एकदा गुमेरसिंदोच्या दुकानात चीजच्या ढेपा घेऊन यायची. दुकान पुढच्या बाजूला, दारूचा गुत्ता मागच्या बाजूला. आदेल्मो एकदा एक ढेप घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात वाट वाकडी करून परत आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे ब्रेजिन्योच्या दिशेनं न्यायला कसलाच माल नव्हता, तरी आला.

"एवढं चीज खातोस कुठं रे?" निल्झानं विचारलं.

"खात नाही. भावाला देतो."

"आणि तुझा भाऊ राहतो कुठं?"

आदेल्मोनं खरं ते सांगितलं, की त्याला भाऊ नाही. निल्झा इतकी हसली की दुकानातली माणसं मागे वळून बघायला लागली.

तिकडे थंडी जून-जुलैत पडते; त्या कोरड्या थंडीत त्यांच्या गाठीभेटी झाल्या. आदेल्मो सकाळी यायचा, स्वयंपाकघरात चुलीजवळ बसायचा, कॉफी प्यायचा, चीजबरोबर पेरूची वडी खायचा आणि दुपार व्हायच्या आत परतायचा. सप्टेंबरमध्ये गावच्या छोट्या चर्चमध्ये लग्न लागलं. आदेल्मोनं माल वाहणं बंद केलं, ट्रक फाटकाच्या आत छपराखाली लावला आणि टेकडीवरच्या निल्झाच्या घरात राहायला आला. घर छान होतं. दोन खोल्या, मोठं स्वयंपाकघर, चीज ठेवायची थंड खोली, मागे गोठा. पुढच्या अंगणात एका कडेला जातोबाचं जुनं झाड आणि दुसऱ्या कडेला इपेचं.

पहिले तीन महिने सुखात गेले. आदेल्मो दूध काढायला शिकला, म्हणजे गाईनं त्याला सहन करायला शिकून घेतलं. सूर्य कलला की तो खाली गुमेरसिंदोच्या गुत्त्यावर पत्ते खेळायला जायचा. त्रुकोचा डाव, आरडाओरडा, टेबलावर थापा. अंधार पडल्यावर घरी यायचा. निल्झाची त्याला हरकत नव्हती. "संध्याकाळी मलाही माझी सोबत असते," ती म्हणायची. आदेल्मोला वाटायचं, ती रेडिओबद्दल बोलते आहे.

जानेवारीत, तिकडच्या भर पावसाळ्यात, गुमेरसिंदो दात काढायला शहरात गेला. गुत्ता बंद. त्या संध्याकाळी आदेल्मो पहिल्यांदाच घरी होता.

"बरं झालं," निल्झा म्हणाली. "खुर्च्या बाहेर काढ. मी कॉफी घेऊन येते. आज उकडतंय, आज बायका लवकर उतरतील."

"कुठल्या बायका?"

"जातोबावरच्या."

आदेल्मोला वाटलं, ती पोपटांविषयी बोलत असेल. त्यानं दोन खुर्च्या अंगणाच्या मधोमध मांडल्या, एकीवर बसला, पाय लांब केले. पश्चिमेला आकाश संत्र्यासारखं झालं होतं. पाऊस सकाळीच पडून गेला होता आणि मातीला अजून वास होता. त्यानं सहज मान वर केली.

जातोबाच्या एका फांदीला खाली मडक्याएवढा काळा गोळा लटकलेला होता. त्यानं तो याआधीही पाहिला होता, आणि मुंग्यांचं घरटं असेल म्हणून सोडून दिलं होतं. आता तो गोळा विरघळत होता. त्यातून काळे ठिपके सुटत होते, एकामागून एक, आणि हवेतून चालत निघाले होते. खाली काही नाही, वर काही नाही, निव्वळ हवेतून. जातोबापासून इपेपर्यंत, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बरोबर त्याच्या डोक्यावरून. कोणी पुढे जात होता, कोणी मध्येच थांबून गोल गोल फिरत होता. मग सूर्य आणखी खाली गेला, उजेड तिरका पडला आणि धागे चमकले. शेकडो चाकं. आकाशभर जाळीच जाळी, आणि प्रत्येक जाळीच्या मध्यावर एक कोळी.

निल्झा कॉफीचे दोन कप घेऊन बाहेर आली तेव्हा एक खुर्ची रिकामी होती आणि एक आडवी पडली होती. आदेल्मो आत पलंगावर बसला होता. खिडक्या लावलेल्या, दार लावलेलं.

"काय झालं रे?"

"पोटात दुखतंय," आदेल्मो म्हणाला.

निल्झानं परसातली बोल्दोची पानं तोडून आणली आणि पेलाभर काढा करून दिला. बोल्दोसारखं कडू जगात दुसरं काही नसेल. आदेल्मोनं तो डोळे मिटून प्यायला.

दुसऱ्या संध्याकाळी परत पोट दुखलं. तिसऱ्या संध्याकाळीही. निल्झाची थोरली बहीण एर्सिलिया खालच्याच वस्तीवर राहायची. ती मुद्दाम बघायला आली. तिनं आदेल्मोची जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढल्या आणि निकाल दिला, "काढा कमी पडतोय. दुप्पट दे."

चौथ्या दिवशी गुमेरसिंदो परत आला आणि गुत्ता उघडला, तेव्हा आदेल्मोला तोंडात एकही दात न उरलेल्या त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. त्या दिवसापासून तो ऊन असतानाच घराबाहेर पडायला लागला आणि गुत्ता बंद होईपर्यंत हलायचा नाही. परत येताना टोपी कानांवर ओढून, मान खाली घालून, फाटकापासून दारापर्यंत धावत यायचा. गेले कित्येक आठवडे आपण रोज याच जाळ्यांखालून शीळ घालत येत होतो, हे आठवलं की त्याच्या अंगावर शहारे यायचे.

निल्झा नुसती बघत होती. एर्सिलिया बोलली.

"पोटदुखी एका दिवसात पळाली, हो ना? आणि आता उन्हातच बाहेर. निल्झा, मी तुला सांगते, हे बाईचं प्रकरण आहे. ट्रकवाला आहे तो. आयुष्यभर गावोगाव फिरलेला माणूस चार महिन्यांत सुधारत नसतो."

"कोण बाई असणार इथं? सगळ्या बायका साठीच्या पुढच्या आहेत."

"तू पण सत्तावन्नचीच होतीस की!"

निल्झानं बहिणीला घालवून दिलं, पण शब्द आत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी चीजसाठी दूध विरजताना ती एकदम थांबली, हात पुसले आणि आदेल्मोसमोर येऊन उभी राहिली.

"तिचं नाव काय?"

"कुणाचं?"

"जिच्यासाठी रोज उन्हातच निघतोस तिचं. मला शिव्या द्यायच्या नाहीत, रडायचं पण नाही. फक्त नाव सांग. मी पुढचं बघून घेते."

एका क्षणी आदेल्मोला वाटून गेलं की खोटंच एखादं नाव सांगून टाकावं, ते सोपं जाईल. पण निल्झाच्या हनुवटीला कंप होता, आणि तो त्याला बघवला नाही.

"कोळी," तो म्हणाला.

"काय?"

"मला भीती वाटते. अंगणातल्या त्या... तुझ्या बायकांची. लहानपणापासून. कुणालाच माहीत नाही, निल्झा. गुमेरला सांगू नकोस."

निल्झा पाटावर बसली, तोंडाला पदराएवढा मोठा ॲप्रन लावला आणि हसायला लागली. हसता हसता रडली आणि परत हसली. "मी गावातल्या त्या लुर्देसचं नाव मनात धरून बसले होते! रात्रभर झोप नाही मला! आणि आहे काय, तर कोळी!"

आदेल्मोही कसंनुसं हसला. मग त्यानं जे बोलायला नको होतं ते बोलून टाकलं. "तालुक्याच्या गावात औषध मिळतं. पंपानं मारायचं. एका सकाळीत काम होईल, सगळे त्या गोळ्यात झोपलेले असतात तेव्हा."

निल्झाचं हसू थांबलं. ती उठली आणि दुधाकडे गेली. पाठमोरीच आपल्या पहिल्या नवऱ्याविषयी बोलली.

"ओतासिलियो गेला तेव्हा दिवस कसाही निघून जायचा. गाई असतात, दूध असतं, माणसं येतात. संध्याकाळ जायची नाही. साडेपाचला तो गोठ्यातून यायचा, अंगणात बादली आपटायचा. ती बादली आपटायची थांबली, आणि मला घरात बसवेना. मी खुर्ची घेऊन बाहेर बसायला लागले. तेव्हा या होत्या. रोज त्याच वेळी उतरायच्या, रोज नवं विणायच्या, पहाटे सगळं गुंडाळून परत झाडावर. मी बघत बसायचे. अंधार कधी पडला ते कळायचं नाही." तिनं दुधात हात घातला. "त्या कुणाला चावत नाहीत. डास खातात. मार्च लागला की आपण होऊन निघून जातात. तू औषधाचं नाव परत काढू नकोस."

"नाही काढत," आदेल्मो म्हणाला. "पण मी तिथं बसू शकत नाही, निल्झा. खरंच नाही जमत."

"मग काय करायचं?"

दुपारी आदेल्मोनं ट्रक सुरू केला. निल्झा दारात आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ट्रक फाटकातून बाहेर गेला, कच्च्या रस्त्याकडेला आंब्याखाली थांबला आणि बंद पडला. आदेल्मो खाली उतरला.

"मी संध्याकाळी इथं बसेन," तो तिथूनच ओरडला. "झोपेन पण इथंच. मार्चपर्यंत. सकाळी दूध काढायला येतो!"

"माझा नवरा रस्त्यावर राहणार?"

"रस्त्यावर नाही. केबिनमध्ये. मी तिथं आयुष्य काढलंय!"

त्या संध्याकाळी निल्झा ताटावर ताट झाकून फाटकाबाहेर आली. वरणासारखे शिजवलेले काळे घेवडे, भात, बारीक चिरून परतलेली कोबीची पानं, वर तळलेलं अंडं. केबिनची पायरी उंच होती. आदेल्मोनं हात दिला आणि तिला वर घेतलं. ती शेजारच्या सीटवर बसली, चपला काढल्या आणि पाय पुढे फळीवर टाकले.

"इथून जग वेगळं दिसतं की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती दोन ताटं आणायला लागली.

आता गावाला सगळं समजलं. लपणार तरी कसं, फाटकाबाहेर ट्रक, ट्रकमध्ये नवरा आणि कारण एर्सिलियाला ठाऊक. गुमेरसिंदोला दूध घालायला आदेल्मो गेला की गुत्त्यावरून आवाज यायचा, "काय कोंपाद्रे, दोस्ता, बायकोनं घराबाहेर काढलं की शेजारणींनी?" आदेल्मो पहिले दोन दिवस चिडला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दोघींनी मिळून." त्यावर सगळे हसले, आणि पुढे कुणी फारसं चिडवलं नाही. गुमेरसिंदोनं तर काउंटरवर वाकून, आपल्या बोळक्या तोंडानं हळूच सांगितलं की त्याला कोंबड्यांची भीती वाटते. जिवंत कोंबडी त्यानं जन्मात हातात धरलेली नाही.

केबिनमधल्या संध्याकाळी मात्र आदेल्मोला आवडायला लागल्या. तो निल्झाला रस्त्यांच्या गोष्टी सांगायचा. नदीवरच्या तराफ्यावर ट्रक चढवताना कसं वाटतं, दक्षिणेत पहाटे काचेवर बर्फ कसा जमतो. निल्झा खाता खाता ऐकायची आणि मध्येच प्रश्न विचारायची, "आणि तिथं बायका चीज कशाचं करतात?" बोलता बोलता दोघांचीही नजर समोरच्या काचेतून पलीकडे जायची. फाटक, मग अंगण, मग ती दोन झाडं आणि मागे लाल आकाश. एवढ्या लांबून कोळी मोहरीएवढे दिसायचे. मध्ये काच होती. आदेल्मोच्या लक्षात आलं की आपल्या तोंडाला कोरड पडत नाही.

"त्या सगळ्या एकाच दोरावरून कशा जातात?" त्यानं एकदा विचारलं.

"मोठे दोर सगळ्यांचे मिळून असतात. दिवसासुद्धा राहतात ते. जाळं मात्र जिचं तिचं. दुसरीच्या जाळ्यात कुणी शिरत नाही. शिरली तर हाकलतात."

"आणि मोठा भुंगा सापडला तर?"

"मग दोघी-तिघी मिळून खातात. एकीला आवरत नाही ना."

आदेल्मो स्टिअरिंगवर पुढे वाकला. त्यानं जन्मभर ट्रकवर दोर बांधले होते. ताण कुठं द्यायचा, सैल कुठं सोडायचं, हे त्याच्या हातांना माहीत होतं. इथून, काचेतून, त्याला दिसत होतं की इपेच्या बाजूचा मोठा दोर थोडा सैल आहे आणि वारा आला की त्या कडेची सगळी चाकं डोलतात. दुसऱ्या संध्याकाळी तो दोर ताणलेला होता. रात्रीतून कुणीतरी दुरुस्त केला होता. त्याला ते बघून बरं वाटलं, जसं चांगलं बांधलेलं ओझं बघून वाटायचं.

"मला नीट दिसत नाहीये," तो म्हणाला. "जरा आत घेतो."

ट्रक फाटकाच्या आत आला. फक्त फाटकाच्या आत. दोन दिवसांनी विहिरीपर्यंत. तिथून प्रत्येक कोळ्याच्या पाठीवरचे दोन फिकट पट्टे दिसायचे. निल्झा त्यांना ओळखायची, किंवा ओळखते असं म्हणायची. "ती बघ, खालून तिसरी, ती आळशी. रोज सगळ्यात शेवटी सुरुवात करते आणि सगळ्यात लहान जाळं विणते."

"ती आळशी नाही. तिची जागा वाईट आहे. फांदी आडवी येते."

"म्हणे जागा वाईट! मी तिला महिनाभर बघतेय."

"मी चार दिवस बघतोय, पण मला दोर कळतात."

त्या आळशी कोळणीवरून त्यांचं रोज भांडण व्हायचं. एर्सिलिया एकदा वाटेवरून जाताना केबिनमधले आवाज ऐकून थांबली, आणि जुंपली म्हणून खुशीत जवळ आली. पाहते तर दोघं एकमेकांच्या ताटातलं खात एका कोळ्यावरून तावातावानं बोलत होती. ती कपाळावर हात मारून निघून गेली.

फेब्रुवारी अर्धा सरला तेव्हा ट्रक जातोबाच्या सावलीच्या कडेला पोचला होता. काचा मात्र घट्ट बंद असायच्या. आत भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. निल्झा पुठ्ठ्यानं वारा घ्यायची आणि कुरकुरायची नाही. एका संध्याकाळी आदेल्मोनंच आपल्या बाजूची काच दोन बोटं खाली केली. थंड हवा आत आली. त्यानं सगळा वेळ त्या फटीवर नजर ठेवली, पण काच परत वर केली नाही.

मग आलेलुयांचा दिवस आला. पावसाळ्यात कधीतरी असा एक दिवस येतो. सकाळी जोराचा पाऊस, दुपारी कडक ऊन, वारा नाही, आणि जमिनीतल्या वारुळांमधून पंख फुटलेल्या वाळव्या एकदम बाहेर पडतात. लाखोंनी. गाव त्यांना आलेलुया म्हणतं, का ते कुणाला माहीत नाही. त्या दिव्यावर येतात, दुधात पडतात, केसांत अडकतात, आणि पंख गाळून टाकतात.

निल्झानं पाऊस थांबल्यावर चीजच्या ढेपा मोकळ्या हवेत बाहेर काढल्या होत्या. थंड खोलीत ओल धरली होती, म्हणून लांब फळ्यांवर मांडून अंगणात, जातोबाखाली. महिनाभराचं काम होतं ते. आदेल्मो जेवून केबिनमध्ये पडला होता. डोळा लागला होता. निल्झाच्या हाकेनं तो जागा झाला.

अंगण भुरभुरत होतं. जमिनीतून धूर निघावा तशा वाळव्या वर चढत होत्या आणि उन्हात चमकत होत्या. आणि वर, भर दुपारी, जातोबावरचा काळा गोळा फुटला होता. बायका खाली उतरत होत्या. या वेळी त्या नेहमीसारखं बारीक विणत नव्हत्या. घाईघाईनं मोठी मोठी, विरळ जाळी टाकत होत्या, अगदी खालपर्यंत, माणसाच्या उंचीपर्यंत. जाळी थरथरत होती, भरत होती. निल्झा त्याच्या मधोमध उभी होती, ढेपांवर चादर टाकायचा प्रयत्न करत होती, पण चादर एकाच्या हातून पसरत नव्हती आणि फळी एका टोकानं उचलली जात नव्हती.

"आदेल्मो! चीज गेलं माझं!"

त्यानं दार उघडलं आणि खाली उडी मारली. आपण उडी मारली हे त्याच्या नंतर लक्षात आलं. फळीचं दुसरं टोक त्यानं पकडलं. "उचल. आधी ही. थंड खोलीत." पहिली फळी आत गेली. दुसरी. वाळव्या त्याच्या नाकात, कानात, सदऱ्यात शिरत होत्या. कपाळाला धागे चिकटत होते. ते तुटताना बारीक आवाज येत होता, चांगला शिवणदोरा तुटावा तसा. तिसरी फळी उचलताना त्याला उजव्या मनगटावर काहीतरी जाणवलं.

ती मनगटावर बसली होती. करंगळीच्या पेराएवढी, काळपट, पाठीवर दोन पट्टे. तिनं तोंडात एक वाळवी धरलेली होती.

आदेल्मो जागच्या जागी थांबला. फळी दोन्ही हातांत होती, त्यामुळे हात झटकता येत नव्हता. झटकला असता तर सहा ढेपा चिखलात गेल्या असत्या. फळीच्या दुसऱ्या टोकाला निल्झा त्याच्याकडे बघत होती.

"हलू नकोस," ती हळूच म्हणाली. "ती जाईल."

"मी हललोय का?" आदेल्मो दातांतून म्हणाला. घामाचा एक थेंब त्याच्या नाकावरून ओघळला. कोळीण मनगटावरून वर कोपरापर्यंत चालत गेली. पाय इतके हलके होते की केस हलल्यासारखं वाटत होतं, तेवढंच. मग तिनं बाहीवर धागा चिकटवला, हवेत उतरली, झोका घेतला आणि शेजारच्या जाळ्याच्या दोरावर चढून गेली. वाळवी तिनं सोडली नव्हती.

"चल," आदेल्मो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "फळी जड आहे."

सगळ्या फळ्या आत गेल्यावर तो पायरीवर बसला. निल्झानं त्याच्या केसांतून वाळव्या वेचायला सुरुवात केली.

"काढा करू का बोल्दोचा?" तिनं विचारलं.

"केलास तर मी परत बेलेंला निघून जाईन."

वाळव्यांचा लोट आला तसा ओसरला. अंगणभर पंखांचा थर पसरला होता, पावलाखाली कुरकुरत होता. जातोबाखाली एवढी मेजवानी चालली होती की कोळ्यांनी संध्याकाळचं विणलंच नाही. एर्सिलिया मदतीला आली आणि तिघांनी स्वयंपाकाच्या टेबलावर बसून, चिमट्यानं आणि सुईनं, ढेपांना चिकटलेले पंख काढले. एर्सिलियानं आदेल्मोची गोष्ट ऐकली आणि हातातला चिमटा खाली ठेवला. म्हणाली, "माझा नवरा असता तर त्यानं चीज टाकलं असतं."

"अगं, तो जिवंत आहे की!" निल्झा म्हणाली.

"हो, म्हणूनच तर सांगतेय."

त्या रात्री आदेल्मो घरात झोपला. आपली भीती गेली असं त्यानं कधीच म्हटलं नाही, आणि ती गेलीही नव्हती. संध्याकाळी तो अंगणात बसायचा तो टोपी घालून, खुर्ची भिंतीला टेकवून. एखादी फार खाली उतरली की उठून आत जायचा आणि थोड्या वेळानं परत यायचा. निल्झा तोवर त्याची कॉफी झाकून ठेवायची. त्या आळशी कोळणीच्या बाबतीत मात्र दोघांचं एकमत झालं नाही.

मार्च लागला तशा त्या कमी होत गेल्या. अंडी घालायला एकेकटी निघून गेली. एके दिवशी संध्याकाळी जातोबाची फांदी मोकळी होती.

ट्रक हलवायचं राहूनच गेलं होतं. शेवटच्या पावसात त्याची मागची चाकं चिखलात अर्धी रुतली आणि मग ऊन लागून माती दगडासारखी झाली. गुमेरसिंदोनं ट्रॅक्टर आणतो म्हणून सांगितलं, पण तोवर एका लाल कोंबडीनं ड्रायव्हरच्या सीटवर घरटं केलं होतं आणि ती अंड्यांवर बसली होती. गुमेरसिंदो खिडकीतून आत डोकावला, कोंबडीनं मान फुलवली आणि तो दोन ढांगांत ट्रॅक्टरवर परत चढला.

"राहू दे कोंपाद्रे," तो लांबूनच म्हणाला. "पिल्लं निघाली की बघू."

"राहू दे," आदेल्मो म्हणाला, आणि निल्झानं दोघांसाठी कॉफी बाहेर आणली.